झाकून ठेवायचं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
सलिलच्या ऑफिसची ही डायरी वर्षभर टीव्हीखाली पडून होती. कोरी. दोन महिन्यांनी रद्दीत गेली असती, म्हणून लिहायला घेतलं. शाळा सातवीपर्यंत झालीय, तेव्हा कुणी चुका काढू नयेत. काढणार तरी कोण, दाखवणारच नाहीये कुणाला.

आजचा विषय डबे. रोज संध्याकाळी दारात प्लास्टिकचे डबे येतात. सून, म्हणजे तनया, हडपसरच्या ऑफिसातून येते आणि मोबाइलवरून काहीतरी मागवते. मी केलेली पोळीभाजी तिला सकाळी डब्यात असतेच, पुन्हा रात्री नको म्हणते. सलिल माझा मुलगा. त्याची नोकरी हिंजवडीला. मांजरीत राहून हिंजवडीला जायचं म्हणजे रोज अख्खं पुणं दोनदा ओलांडायचं. कंपनीची बस त्याला रात्री दहाला आणून टाकते. त्याचं ताट मी झाकून ठेवते आणि झोपते. सकाळी ताट सिंकमध्ये असतं, म्हणजे जेवला.

आज तनयाच्या डब्यात थोडं उरलं होतं. फेकवेना म्हणून तोंडात घातलं. थाई शेवया म्हणे. थाई कसल्या, चिंच-गूळ आणि दाणे! आपल्या अळूच्या फतफत्यात शेवया पडल्यासारख्या. त्याचे हे लोक एवढे पैसे घेतात. मी घरी करते उद्या-परवा.

५ नोव्हेंबर, बुधवार
केल्या. फसल्या.

शेवयांत काय शिकायचं असं वाटलं. वाण्याकडे तांदळाच्या चपट्या शेवया मिळाल्या. उकळत्या पाण्यात टाकल्या, मोहरी-हिंगाची फोडणी केली, चिंच-गुळाचं पाणी, उपासाच्या डब्यातलं दाण्याचं कूट, आणि झाकण ठेवून एक दणदणीत वाफ काढली. वाफेशिवाय शिजलं असं मला वाटतच नाही.

तनया आली, कढईत डोकावली.

"आई, हे काय आहे?"

"तुझ्या थाई शेवया."

तिने उलथनं घातलं आणि उचललं, तर अख्खी कढई एका गोळ्यात वर आली. जी हसत सुटली! ओट्याला धरून हसली. "आई, वड्या पाडूया का ह्याच्या?"

"हसू नकोस, वर कोथिंबीर घाल."

खाल्लं मात्र तिने. पुसून खाल्लं. आमच्या घरात ही पोरगी हसते हे मी विसरलेच होते.

सलिलचं झाकून ठेवलं. दहाला मी पाणी प्यायला उठले तर तो जेवत होता, एका हातात मोबाइल. विचारलं, कसं झालंय?

"छान. भात मोकळा झालाय."

भात! आणि मोकळा! तनया खोलीच्या दारात उभी होती. ती हसणार होती, मी बघितलं. मग हसली नाही. आत गेली, दार लावलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
तनयाने शिकवलं. शेवया उकळायच्या नाहीत, कोमट पाण्यात भिजवून ठेवायच्या. झाकण अजिबात नाही. गॅस मोठा. मोहरी नाही, लसूण. कूट नाही, भरड. आणि एका वेळी एकाच माणसाचं करायचं. जास्त घातलं की कढई थंड पडते, पाणी सुटतं आणि पुन्हा वड्या.

"म्हणजे तीन माणसांना मी तीनदा ओट्याशी उभी राहू?"

"पाच मिनिटांचं काम आहे आई."

तिने माशाच्या पाण्याची एक बाटली पण आणलीय. उघडली तर बोंबलाच्या डब्याचा वास. बंद करून ठेवली. मिठाने भागतं.

आज गुरुवार, अंडं नाही. पनीर घातलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
जमलं!! खडकीहून आणलेली माझी लोखंडी कढई काढली. धूर निघेपर्यंत तापवली. लसूण, कांदा, पनीर, बाजूला सारून अंडं फोडलं, मग शेवया, चिंच-गूळ-तिखट, मोड आलेले मूग, कांद्याची पात. दोन्ही हातांनी खालवर खालवर. उतरवलं, वर दाण्याची भरड, लिंबू. तनयापुढे ठेवलं आणि तिने दोन घास झाल्यावर डोळेच मिटले. तिखटाने नाही. तिखट मला कळतं.

मग तिने मला करून दिलं. "आई, लगेच खा. हे थांबत नाही." मी आयुष्यात गॅसवरून थेट ताटात आलेलं असं कधी खाल्लं नव्हतं. करणारीच्या वाट्याला गार येतं, हा नियमच. जीभ भाजली. बरं लागलं.

सलिलचं झाकून ठेवलं. पुढचं रविवारी सकाळी लिहितेय: बघितलं तर तसंच. थालीपीठासारखं ताटाला चिकटलेलं. बाहेरून ब्रेड आणून खाल्लेला दिसला.

९ नोव्हेंबर, रविवार
आज तिघं एका टेबलाशी बसलो, सुट्टी म्हणून. वरण-भात, बटाट्याची भाजी. जेवताना तनया म्हणाली, "मला कंपनी बंगळूरला पाठवतेय. दोन वर्षं. महिनाअखेरीस हो की नाही कळवायचंय."

मी सलिलकडे बघितलं. तो मोबाइलवर काहीतरी सरकवत होता.

"जा की," म्हणाला. "चांगली संधी आहे."

मान वर नाही. तनया उठून हात धुवायला गेली. तिच्या ताटात भात अजून होता.

दुपारी मी सलिलला म्हटलं, अरे दोन वर्षं म्हणजे काय? तर म्हणे, "आई, आजकाल सगळे असंच राहतात. तिच्या करिअरमध्ये मी कशाला आडवा येऊ?" शिकलेल्या माणसाचं उत्तर. मला त्यात काही खोट काढता येईना, पण आवडलंही नाही.

ही गेली तर या सहाव्या मजल्यावर मी आणि फ्रीज.

११ नोव्हेंबर, मंगळवार
ठरवलं. ती महिनाभर आहे तर तिला आवडतं ते रोज करायचं. नंतर कुणाला करणार.

आणि सलिलचं झाकून ठेवायचं नाही. अन्नाची नासाडी मला बघवत नाही. थांबणारा पदार्थ असता तर ठेवला असता, हा थांबत नाही. संपला विषय.

रात्री तो आला.

"आई, माझं ताट?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"हे झाकून राहत नाही. साडेआठपर्यंत येईल त्याला मिळेल. मग कढई घासून पालथी."

"मग पोळीभाजी करून ठेव ना."

"दोन-दोन स्वयंपाक करायला मी खानावळ उघडलेली नाही."

केळं खाऊन झोपला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आजही तेच. आज दोन केळी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मथुराबाईचा फोन. आम्ही खडकीला क्वार्टर्समध्ये शेजारी होतो, दोघींचे नवरे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. तिला सांगितलं तर ओरडलीच.

"अगं, कमावता मुलगा उपाशी झोपतोय आणि सुनेला गरम गरम? लोक काय म्हणतील?"

"सहाव्या मजल्यावर लोक येत नाहीत, मथुरा."

"सुनेने काय करणी केली तुझ्यावर?"

"लसणाची," म्हटलं. फोन ठेवला.

पण नंतर मन खायला लागलं. पोरगा वाळला तर? दुपारी चार पोळ्या लाटल्या त्याच्यासाठी. मग संध्याकाळी मीच दोन खाल्ल्या आणि दोन तनयाने दुधात कुस्करून. त्याला दिल्या असत्या तर शब्द मोडला असता.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आता रोजचं ठरून गेलंय. मी दुपारी चिंच भिजवते, शेवया भिजवते, पात चिरून ठेवते. तनया आली की पर्स टेबलावर टाकते आणि ओट्याशीच येते. आधी तिची खोलीकडे जायची सवय होती. एक कढई तिची, एक माझी. ती करते तेव्हा मी खाते, मी करते तेव्हा ती. जी मोकळी असते ती बोलते. ऑफिसात कुणीतरी दीपाली आहे, तिचं लग्न ठरतंय, मोडतंय, पुन्हा ठरतंय. मला सिरियल बघायची गरज उरली नाही.

आज तिने विचारलं, "आई, तुम्ही बाबांचंही ताट झाकून ठेवायचात?"

"जन्मभर. त्यांची दुसरी पाळी असायची ना."

"मग ते आल्यावर काय बोलायचात?"

"बोलायचं काय? मी झोपलेली असायचे. ते जेवायचे, ताट मोरीत ठेवायचे. एक दिवस तक्रार नाही."

ती बराच वेळ कढईतच बघत राहिली. मी चांगलं सांगत होते, तिला काय झालं कुणास ठाऊक. शेवया थोड्या लागल्या त्यात.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सलिल आज सव्वाआठला आला!

मी घड्याळ बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "बरं वाटत नाहीये का?"

"भूक लागलीय. रोज केळी खाऊन पोट दुखतंय."

"पण बस तर..."

"साडेपाचची एक असते."

"असते?"

"असते आई. पहिल्यापासून आहे."

मला वाटायचं हिंजवडीहून एकच बस सुटते. तनया पात चिरत होती. म्हणाली, "मलाही तसंच वाटायचं." सुरी जोरात चालली.

त्याचं मी केलं. तो टेबलावर बसून वाट बघायला लागला तर मी म्हटलं, इथे उभा राहा, इथे. तिथपर्यंत आणेस्तोवर गार होतं. खोटं आहे, चार पावलं आहेत. पण मला टेबलावरचा मोबाइल नको होता. उभ्यानेच खाल्लं. मग वाटीत बघून म्हणतो, "मस्त आहे. काय आहे हे?"

तनया म्हणाली, "भात. मोकळा झालाय ना?"

त्याला काही कळलं नाही. मला कळलं. मी फडकं धुवायला घेतलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
पुन्हा दहाला. मीटिंग होती म्हणे. काही मिळालं नाही, त्याने मागितलंही नाही.

तनयाने माळ्यावर ठेवलेली मोठी बॅग काढून पुसून ठेवलीय. मी म्हटलं, अजून आठवडा आहे की. म्हणाली, "पुसून तर ठेवते."

बाल्कनीतून ऊसतोडीचे ट्रॅक्टर दिसतात. तोडणी सुरू झाली. मी तेच बघत बसले.

२३ नोव्हेंबर, रविवार
खरं लिहिते, इथे कोण बघतंय. मला तिला सांगायचंय की जाऊ नकोस. पण सासूने सांगितलं की तो हुकूम होतो. मुलगी म्हणून सांगावं तर ती माझी मुलगी नाही. नवऱ्याने सांगायचं तर नवरा म्हणतो संधी आहे. आणि संधी आहेच. ती हुशार आहे. मला चार यत्ता जास्त शिकवल्या असत्या तर मीही गेले असते कुठेतरी.

मग वाटतं, नुसती कामासाठी जात असती तर हसत गेली असती. माणूस नव्या कामाला जातो तेव्हा बॅग अशी पुसत नाही.

जाऊ दे. मला काय कळतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
सलिल आला, आठच्याही आधी. काल पण आला होता. तनयाने मला बाजूला केलं आणि त्याला म्हणाली, "स्वतःचं स्वतः कर."

"मला येत नाही."

"मलाही येत नव्हतं."

केलं त्याने. इंजिनीअर माणूस, कढई तापायच्या आत तेल, तेल तापायच्या आत अंडं. मी तोंडात पदराचं टोक धरून बसले. मध्येच झाकण शोधायला लागला, तर आम्ही दोघी एकदम ओरडलो, "झाकण नाही!"

झालं ते माझ्या पहिल्या गोळ्याचं सख्खं भावंड. तनयाने एक घास घेऊन बघितला. "वाईट आहे," म्हणाली. आणि दुसरा घास घेतला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
आज भांडण झालं. मोठं. उद्या तिला ऑफिसात कळवायचंय.

झालं असं. तनया कढईशी होती, सलिल आला, आणि हात धुता धुता म्हणाला, "ते बंगळूरचं, मी विचार करत होतो. नको जाऊस."

उलथनं थांबलं.

"हे आज सुचलं?"

"अगं, तुझी संधी होती, मी कशाला..."

"संधी संधी करू नकोस! मी जाते म्हटलं तर मान वर केली नाहीस. भाजीवाल्याला पण मी चार दिवस दिसले नाही तर तो विचारतो!"

मी बाल्कनीत सरकले. दार लावलं नाही, गरम होत होतं. नोव्हेंबरात होतं कधीकधी.

सलिलही चढला मग. "आणि मी घरी येऊन काय करायचं? आई झोपलेली, तू दार लावून. टेबलावर एक झाकलेलं ताट. त्याच्याशी बोलू?"

"म्हणून पाचची बस सोडायची?"

"साडेपाचची."

"वेळ महत्त्वाची आहे का आत्ता!"

"कुणी वाट बघत नसेल तर कुठलीही बस सारखीच असते तनया."

"आणि मी दीड वर्ष साडेसातला कुणासाठी येत होते?"

यात ताटाला कशाला मध्ये आणलं ते मला समजलं नाही. ताट बिचारं झाकलेलं होतं, उपाशी तर ठेवलं नव्हतं ना मी कुणाला. पण ते असो. तेवढ्यात वास आला.

"अरे, गॅस बारीक करा! जळतंय!" मी बाल्कनीतून ओरडले.

"आई, तुम्ही थांबा हो!"

"आई, तू थांब जरा!"

दोघं एकाच वेळी बोलले. एका सुरात. कितीतरी दिवसांनी.

मग पुन्हा सुरू. मथुराबाईचा फोन वाजत होता तो मी कापला. खाली वॉचमन वर बघत होता, त्याला मी हाताने खूण केली, काही नाही, चालू दे. एकदा तनया रडली. एकदा सलिलचा आवाज फुटला, लहानपणी गुडघा फुटल्यावर फुटायचा तसा. आत जावंसं वाटलं. नाही गेले. वाफ निघत असेल तर मध्येच जाऊन झाकण टाकू नये, एवढं या महिन्यात शिकलेय.

मला भूक लागली होती. कुणाच्या लक्षात नव्हतं. मग बऱ्याच वेळाने आतून पुन्हा कढई वाजली. सलिल ताटली घेऊन बाल्कनीत आला. डोळे लाल.

"आई, लगेच खा. हे थांबत नाही."

मीठ जास्त झालं होतं. सगळं खाल्लं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
तनया आज वेळेवर आली. पर्स टाकली, पाणी प्यायली. मी विचारणार नव्हते. विचारलं.

"कळवलंस?"

"महिनाभर थांबा म्हटलं."

"थांबतील?"

"थांबतील. नाही थांबले तर नाही." मग म्हणाली, "आई, गेले तरी दोन वर्षं एकटी नाही जाणार. सलिल तिथलं ऑफिस बघतोय. आणि नाही गेले तर तो इकडचं काहीतरी बघणार आहे. हिंजवडी नको म्हणतो. अजून काही ठरलेलं नाही."

"आणि माझं?"

"तुमचं काय? तुम्ही जिथे कढई तिथे."

उद्धट आहे. पण बोलली हे बरं झालं. या घरात ठरलेलं नसलेलं काही मला कुणी सांगतच नसे. सगळं ठरल्यावर कळायचं.

मोठी बॅग अजून बाहेरच आहे. मी आत टाकली नाही. तिची तिने टाकावी, नाहीतर भरावी. मला आता तेवढी भीती वाटत नाही तिची.

१ डिसेंबर, सोमवार
दुपारी सलिलचा ऑफिसातून फोन. मला वाटलं पडला की काय. हा पोरगा नोकरीला लागल्यापासून दुपारी फोन नाही करत.

"आई, आज कधीपर्यंत येऊ?"

"मला काय विचारतोस? बायकोला फोन कर."

"केला होता. तासभर बोललो. ती म्हणाली, वेळ आईंना विचार."

तासभर! ऑफिसचं काम कोण करतं यांच्या?

"आठ," म्हटलं. "आठ म्हणजे आठ."